डॉ. मेबल आरोळे

मुलांनो, अहिल्यानगर जिल्ह्याच्या नकाशात जामखेड शोधा. जिल्ह्याच्या आग्नेय भागात, बीड जिल्ह्याला लागून हा तालुका आहे. पाऊस कमी, त्यामुळे दुष्काळ नेहमीचा. जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते, त्या काळात एक डॉक्टर बाई येथे आल्या आणि त्यांच्या कामामुळे जामखेडचे नाव जगभर गेले. त्या बाई म्हणजे डॉ. मेबल आरोळे.

मेबल यांचा जन्म 26 डिसेंबर 1935 रोजी जबलपूर येथे झाला. वडील प्राध्यापक होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात त्या डॉक्टर झाल्या. अहमदनगर जिल्ह्यातील रजनीकांत आरोळे हेही तेथेच शिकत होते. 1960 साली दोघांचे लग्न झाले. खेड्यातील गरिबांसाठीच आयुष्य वेचायचे, असे वचन दोघांनी त्या वेळी घेतले.

आधी त्यांनी याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले. तेथे एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. औषध घेऊन बरा झालेला रोगी काही दिवसांनी तोच आजार घेऊन परत येई. रोगाचे मूळ गावात होते आणि औषध मात्र रुग्णालयात! पुढे दोघांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. 1970 साली ते जामखेडला आले आणि गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

आता असा विचार करा. गावात किती बाळे जन्मली, किती दगावली, हे डॉक्टरांना कसे कळणार? बाळंतपणे घरीच होत. मूल गेले तर आईबाप रडून गप्प बसत. त्याचे नाव कोणत्याही कागदावर येत नसे. आणि दारात अनोळखी माणूस वही घेऊन उभा राहिला, तर तुमच्या घरची माणसे तरी त्याला सारे सांगतील का? महारोगासारखा आजार तर लोक सख्ख्या शेजाऱ्यापासूनही लपवीत.

नर्स खेड्यात राहायला तयार नव्हत्या. तेव्हा आरोळे दांपत्याने गावातलीच एक बाई निवडायला गावाला सांगितले. बहुतेक जणी निरक्षर होत्या, काही दलित होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत आणि मेबलबाई त्यांना शिकवीत. गरोदर बाईला काय जपावे, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, महारोगाचा पहिला डाग कसा ओळखावा, हे सारे त्या शिकल्या. अक्षर येत नसले तरी कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाचे मूल वाळत चालले आहे, हे त्यांना तोंडपाठ असे. प्रकल्पाचे पथक गावात आले की ती माहिती नोंदवली जाई. माझ्या मते मेबलबाईंची खरी हुशारी येथे दिसते. मोठमोठ्या पदव्या घेतलेल्या या डॉक्टरने निरक्षर बाईच्या शब्दाला पुराव्याचा मान दिला.

घरोघरच्या पाहणीत तरुण शेतकऱ्यांची मंडळेही मदत करीत. मिळालेली माहिती कपाटात बंद राहत नसे. ती गावासमोर मांडली जाई आणि कारण काय, उपाय काय, हे गावकरीच ठरवीत. कोठे विहिरीचे पाणी वाईट निघाले, कोठे लहान मुलांचे वजन कमी भरले. मग हातपंप बसले, मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला.

तपशील, तारीख, हिशेब हे मराठी शब्द तुम्हांला घरचेच वाटतील, कारण ते उर्दूतही आहेत. आता हा हिशेब पाहा. 1971 साली या गावांत हजार बाळे जन्मली, तर त्यांतली 176 वर्षाच्या आत दगावत. 1976 साली हीच संख्या 52 झाली. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 साली काढलेल्या एका पुस्तकात जामखेडच्या कामावर प्रकरण होते.

आज रुग्णांच्या नोंदी संगणकात जातात. 2021 साली आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात प्रत्येकाला 14 अंकी आरोग्य क्रमांक मिळू शकतो आणि नोंद दुसऱ्याला दाखवण्यासाठी रुग्णाची संमती घ्यावी लागते. नवे उपचार शोधणाऱ्यांना अशा लाखो नोंदी हव्या असतात. पण आपली माहिती कोणाकडे जाते, हे विचारण्याचा हक्क रुग्णाचा आहे. जामखेडच्या बायकांना हा प्रश्न पडत नसे, कारण वही कोणाची हे त्यांना ठाऊक होते.

1979 साली मेबल आणि रजनीकांत यांना मॅगसेसे पुरस्कार, तर 1990 साली पद्मभूषण मिळाले. 1994 साली दोघांचे जामखेडवरील इंग्रजी पुस्तक निघाले. 1999 साली मेबलबाईंचे निधन झाले. रजनीकांत 2011 साली गेले.

जामखेडच्या कामाचा परिणाम टिकला का, हे तपासायला पुढे संशोधक आले. त्यांनी प्रकल्पाच्या गावांतील आणि आसपासच्या इतर गावांतील मातांना त्यांच्या सगळ्या बाळंतपणांची माहिती विचारली. 2010 साली निष्कर्ष छापून आला. प्रकल्पाच्या गावांत लहान मुलांच्या मृत्यूचा धोका कमी होता. ही माहितीसुद्धा आयांनीच दिली होती, दाराशी बसून, एकेका मुलाची आठवण काढत.