पंपातले खडे आणि लॉर्ड रेली

एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी खोल गेलं, की धाराशिव जिल्ह्यातल्या अनेक शिवारांत काठावरच्या पंपातून खडे भरडल्यासारखा आवाज येऊ लागतो. पंप खोलावा, तर आत खडा नसतो. या आवाजामागचं गणित मांडलं जॉन विल्यम स्ट्रट, म्हणजेच लॉर्ड रेली यांनी.

१२ नोव्हेंबर १८४२ रोजी इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये त्यांचा जन्म झाला. प्रकृती नाजूक, आजारपणात शाळा सारखी बुडायची. तरी १८६५ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले. १८७२ मध्ये त्यांना संधिज्वराने गाठलं. घशातल्या जंतुसंसर्गानंतर येणारा हा ताप हृदयाच्या झडपा खराब करू शकतो, आणि तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. थंडी चुकवायला ते पत्नीसह इजिप्तला गेले. नाईल नदीवरच्या होडीत, बरं होता होता, त्यांनी ध्वनीवरचा ग्रंथ लिहायला घेतला. त्याचे दोन खंड १८७७ आणि १८७८ साली निघाले. वडिलोपार्जित शेतीवाडीचा कारभार पुढे भावावर सोपवून ते घरच्या प्रयोगशाळेत रमले. आर्गॉन वायूच्या शोधासाठी १९०४ चं नोबेल मिळालं, ते सर्वांना ठाऊक असतं.

आपल्या कामाचा आहे तो १९१७ चा लेख. तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. चहाचं आधण उकळण्याआधी गुणगुणतं, कारण तळाशी झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या थंड पाण्यात मिटतात. रेलींनी हिशेब केला: रिकामा बुडबुडा मिटताना त्याची त्रिज्या विसाव्या हिश्शावर आली, तर लगतच्या पाण्यातला दाब १२६० पट होतो! जहाजांचे पितळी पंखे का कुरतडले जातात, हेही यातून उलगडलं. दोन वर्षांनी, ३० जून १९१९ रोजी, ते वारले.

पंपात हेच घडतं. पाणी फार खालून ओढताना दाब इतका उतरतो की ते न तापताच वाफाळतं. पंख्यात दाब वाढला की बुडबुडे फुटतात आणि धातूला खड्डे पडतात. धाराशिव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच, त्यामुळे हवेचा दाब मुळातच कमी. कागदावर साडेनऊ मीटरपर्यंत पाणी ओढता येईल. व्यवहारात सहा-सात मीटर पुष्कळ झाले. पाणी तापवणाऱ्या हीट पंपाच्या फिरत्या पाण्याच्या पंपात तर पाणी गरमच असतं, म्हणून तिथे जाळी तुंबली की हा खडखडाट लवकर सुरू होतो.

आधी वीज बंद करून फूटव्हॉल्व्हची किंवा गाळणीची जाळी धुवा. विहिरीवर पंप पाण्याजवळ उतरवा, ओढीच्या पाइपातली वळणं कमी करा. चालू पंपाचा बाहेर सोडणारा कॉक थोडा आवळल्यावर आवाज घटला, तर दुखणं बहुधा हेच. आवाज खड्यांचा नसून किंचाळल्यासारखा असेल, तर बेअरिंग गेलं असण्याची शक्यता जास्त. मग मोटार बंद ठेवून मिस्त्रीला बोलवा.