ताळा पाहणारे केरूनाना

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात हजेरीची टक्केवारी काढण्याचे काम माझ्याकडे आले. मी कला शाखेचा विद्यार्थी असलो तरी एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिण्याचा मला नाद आहे. पहिल्याच वेळी मॅक्रो मध्येच थांबला आणि पडद्यावर 'रन-टाइम एरर १३, टाइप मिसमॅच' अशी सूचना आली. यादी तर त्याच दिवशी लावायची होती. मी घाईघाईने 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' ही ओळ वर टाकली, म्हणजे चुकीची ओळ सोडून पुढे चालण्याची आज्ञाच दिली. मॅक्रो सुरळीत चालला. यादी लागली.

दुसऱ्या दिवशी परतूरकडून पहाटेच्या एस.टी.ने येणारी एक मुलगी रडवेली होऊन आली. एक दिवसाची रजा सोडली तर तिचा तास कधी चुकला नव्हता. तरी परीक्षेला बसता न येणाऱ्यांत तिचे नाव होते. हजेरीपट काढून पाहिला. रजेच्या दिवशी तिच्या रकान्यात आकड्याऐवजी 'रजा' हा शब्द होता. शब्दाची बेरीज होईना, म्हणून ती ओळ वगळली गेली आणि तिच्या आधीच्या मुलाचा आकडा जसाच्या तसा तिच्या नावापुढे उतरला होता.

त्याच सुमारास मी ग्रंथालयात केरो लक्ष्मण उर्फ केरूनाना छत्रे यांच्याविषयी वाचत होतो. माझी चूक मला त्यांच्या चरित्रातून नीट समजली.

केरूनानांचा जन्म अलिबागजवळच्या नागाव येथे झाला. मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये बाळशास्त्री जांभेकर व प्राध्यापक ऑर्लिबार हे त्यांना गुरू लाभले. ऑर्लिबार यांच्याच हाताखाली ते कुलाब्याच्या वेधशाळेत साहाय्यक म्हणून लागले. तेथे हवामानाच्या आणि चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात. यंत्रावर दिसेल तेच लिहायचे, मनाला वाटेल ते नाही, ही शिस्त त्यांच्या अंगी तिथेच बाणली असावी, असे मला वाटते.

पुढे ते पुण्यास आले आणि त्यांनी गणित व सृष्टिशास्त्र शिकविण्यात आयुष्य वेचले. लोकमान्य टिळक हे डेक्कन कॉलेजातील त्यांचे विद्यार्थी. १८७७ साली त्यांना रावबहादूर ही पदवी मिळाली. परंतु त्यांचे खरे कार्य पंचांगाचे.

आपल्याकडची पंचांगे त्या काळी मुख्यतः गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघव' या ग्रंथावरून होत. हा ग्रंथ १५२० च्या सुमाराचा. गणेश दैवज्ञ स्वतः मोठे वेधकुशल होते. परंतु त्यांच्यामागून आलेल्यांनी गणित चालू ठेवले आणि वेध सोडले. परंपरेने चालत आलेले सूर्यसिद्धान्ताचे वर्ष प्रत्यक्ष नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. एका वर्षात हा फरक कोणाच्या ध्यानात येणार? पण हजार वर्षांत तो सव्वादोन दिवसांच्या पुढे जातो. गणित कुठेच अडत नव्हते, पंचांग दर वर्षी वेळेवर निघत होते, आणि मागची चूक पुढच्या वर्षात मुकाट्याने उतरत होती. ग्रहणासारख्या प्रसंगी मात्र आकाश तिची साक्ष देई.

केरूनानांनी आकाश हा ताळा मानला. १८६० साली त्यांचा 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नव्या मानांवरून ग्रहांची स्थाने कशी काढावीत, हे मराठी जाणणाऱ्या गणकाला त्यावरून पायरीपायरीने करता येऊ लागले. १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने त्यांनी सुधारलेले पंचांग काढले. तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. आरंभस्थानासाठी त्यांनी रेवतीतील झीटा पिशियम हा तारा धरला.

हे काम सोपे नव्हते. पंचांग बदलले की सण आणि व्रतांचे दिवस बदलतात. तेथे घराघरांतील श्रद्धेचा प्रश्न येतो. जुन्या पंचांगकर्त्यांनी ही सुधारणा लगेच स्वीकारली नाही. तरीही केरूनाना मागे हटले नाहीत. १९ मार्च १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. पंचांगशुद्धीचा विचार पुढे त्यांचे शिष्य टिळक यांनी चालविला.

मी ती ओळ काढून टाकली. मॅक्रो पुन्हा अडला. या वेळी मी 'डीबग' दाबून पिवळी झालेली ओळ शांतपणे वाचली. रकान्यात आकडाच आहे ना, हे आधी तपासण्याची सोय केली. जेथे शब्द असेल ती नावे वेगळी काढून हजेरीपटावरून हातांनी मोजली. शिवाय दहा नावांचा ताळा पाहिला, आणि मगच दुसरी यादी लावली. त्या मुलीची मी क्षमा मागितली. ती परीक्षेला बसली.

अडून बसणारे गणित आपला वेळ खाते, पण फसवीत नाही. न अडता चालणाऱ्या गणिताचा ताळा मात्र कोणीतरी पाहावा लागतो. केरूनानांनी तो आकाशाशी पाहिला. मला निदान हजेरीपटाशी पाहता आला असता.