न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी

वकिलीत जम बसला की लोकांच्या कामाला वेळ काढणारे थोडेच. बद्रुद्दीन तय्यबजी अशा थोड्यांपैकी होते. १८४४ साली मुंबईत जन्मलेले तय्यबजी १८६७ मध्ये विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले व मुंबई हायकोर्टातील पहिले हिंदी बॅरिस्टर ठरले. वकिली सांभाळून १८७३ मध्ये ते मुंबई महापालिकेचे सभासद झाले. १८७४ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी अंजुमन-इ-इस्लाम स्थापिली. स्वतःच्या मुलींनाही त्यांनी शाळेत घातले. १८९५ मध्ये ते न्यायमूर्ती झाले आणि १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना त्यांनी जामीन दिला. १९०६ मध्ये ते लंडन येथे पैगंबरवासी झाले. काटेवाडीच्या पालकांनो, मुलामुलींची शाळा अर्ध्यावर सोडवू नका. असा वकील आणि असा लोकसेवक शाळेतूनच घडतो.