मनाचे बंद दार उघडणारे गोमंतकीय धर्मगुरू : आबे फारिया

पणजीला गेलेल्या आपल्या अनेक भाविकांनी जुन्या सचिवालयाशेजारी उभा असलेला एक आगळा पुतळा पाहिला असेल. लांब झगा घातलेले एक धर्मगुरू दोन्ही हात पुढे करून उभे आहेत आणि त्यांच्यासमोर एक स्त्री निद्रेच्या अधीन होऊन मागे कलली आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला आणि १९४५ साली उभारलेला हा पुतळा आबे फारिया यांचा आहे. पाहणाऱ्याला तो एखाद्या जादूगाराचा वाटावा. परंतु ज्यांनी मनाच्या व्यवहाराला जादूच्या तावडीतून सोडविले, त्या एका धर्मगुरूंचा तो पुतळा आहे. त्यांच्या जीवनाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

जुझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बार्देश तालुक्यातील कांदोळी गावी झाला. वडील कायतान व्हितोरिनो हे कोलवाळचे, तर आई रोझा मारिया द सौझा या कांदोळीच्या. आईवडिलांचा संसार टिकला नाही. ख्रिस्तसभेच्या अनुमतीने दोघे विभक्त झाले. वडिलांनी गुरुदीक्षा घेतली आणि आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात धर्मभगिनी झाल्या. दुभंगलेल्या घरातील हा मुलगा १७७१ साली वडिलांसमवेत समुद्रमार्गे लिस्बनला पोहोचला. तेथून तो रोमला गेला, प्रोपागांदा फिदे महाविद्यालयात शिकला आणि १२ मार्च १७८० रोजी त्याला गुरुदीक्षा मिळाली. पवित्र आत्म्याविषयीचा आपला प्रबंध फारियांनी पोप पायस सहावे यांना अर्पण केला. सिस्टाइन चॅपेलमध्ये परमगुरूंसमोर प्रवचन करण्याचा मानही त्यांना लाभला.

लिस्बनमधील एक आख्यायिका गोमंतकात आजही सांगितली जाते. पोर्तुगालच्या राणीच्या प्रार्थनामंदिरात प्रवचनासाठी उभे राहताच समोरचा मानकऱ्यांचा मेळावा पाहून तरुण फादर फारियांची वाचाच बसली. तेव्हा जवळच असलेल्या वडिलांनी हळूच कोकणीत सांगितले, की समोर बसलेली ही सारी भाजी आहे असे समज आणि खुशाल कापत सुट. त्या शब्दांसरशी भीती पळाली आणि प्रवचन ओघाने सुरू झाले. एका वाक्याने मनावरचे एवढे ओझे कसे उतरले, हे कोडे त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून राहिले, असे म्हणतात.

१७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध झालेला पिंटोंचा कट उघडकीस आला. त्यात पितापुत्रांवरही संशय आला आणि १७८८ साली फारिया पॅरिसला आले. लवकरच तेथे राज्यक्रांतीचा वणवा पेटला. ऑक्टोबर १७९५ मध्ये सत्ताधारी कन्व्हेन्शनविरुद्ध पॅरिसचे नागरिक उठले, तेव्हा या गोमंतकीय धर्मगुरूंनी एका तुकडीचे नेतृत्व केले. नेपोलियन बोनापार्ट यांच्या तोफांनी तो उठाव चिरडला. रक्तपाताच्या त्या वर्षांतून बाहेर पडल्यावर फारियांनी ज्या क्षेत्रात नाव मिळविले, ते राजकारणाचे वा युद्धाचे नव्हते. ते मनाचे होते.

त्या काळी फ्रान्सवर मेस्मर यांच्या मताचा पगडा होता. उपचार करणाऱ्याच्या देहातून एक अदृश्य चुंबकीय द्रव रोग्याच्या देहात जातो, असे ते मत होते. १८११ साली मार्सेय येथे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून काम केल्यावर फारिया पॅरिसला परतले आणि ११ ऑगस्ट १८१३ पासून त्यांनी क्लिशी मार्गावर जाहीर प्रयोगव्याख्याने सुरू केली. समोरच्या व्यक्तीला शांत बसवून, मन एकाग्र करावयास लावून ते निद्रेची आज्ञा देत. त्यांचे प्रतिपादन असे, की उपचारकापाशी कोणताही द्रव नाही वा सिद्धी नाही. जे काही घडते ते त्या व्यक्तीच्याच मनात, तिच्याच विश्वासाने आणि एकाग्रतेने घडते. त्यांचे सारेच विचार काळाच्या कसोटीस उतरले नाहीत. रक्त पातळ असलेल्यांना ही निद्रा लवकर लागते, हे त्यांचे मत आज कोणी मानीत नाही. परंतु मूळ सिद्धांत टिकला.

त्याची किंमत मात्र त्यांना मोजावी लागली. काही धर्माधिकाऱ्यांना त्यात सैतानाचा हात दिसला, तर वृत्तपत्रांनी त्यांना भोंदू ठरविले. १८१६ साली त्यांची टर उडविणारे नाटकही रंगभूमीवर आले. व्याख्याने ओस पडली. उपेक्षेच्या त्या दिवसांत त्यांनी आपले विचार ग्रंथरूपाने लिहून काढले आणि ही निद्रा नैसर्गिक आहे, तिच्यात श्रद्धेला बाधक असे काही नाही, हे मांडले. ग्रंथाचा पहिला खंड १८१९ साली निघाला. त्याच वर्षी २० सप्टेंबरला पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कबरीवर नावाची खूणही राहिली नाही.

ज्याची हेटाळणी झाली तेच पुढे शास्त्र ठरले. नान्सी येथील डॉ. बर्नहाइम यांनी सूचनेच्या सिद्धांताचे श्रेय फारियांना दिले. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराने वाचा, स्मृती वा झोप हरवून बसलेल्या सैनिकांवर ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी संमोहनाचा उपचार केला. नोबेल पारितोषिक विजेते एगास मोनिझ यांनी १९२५ साली फारियांवर ग्रंथ लिहिला. १९५७ साली पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांना केलेल्या मार्गदर्शनात, योग्य दक्षता घेऊन वैद्यकीय उपचारांसाठी केलेल्या संमोहनाला नैतिक आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले.

हे चरित्र आम्हाला आज का महत्त्वाचे वाटते? मुकुटबनसारख्या विदर्भातील गावी असो वा वसईच्या किनाऱ्यावर, घरातील कोणी अचानक अबोल झाले, रात्रीचे दचकून उठू लागले, तर आजही कुणीतरी बाहेरची बाधा झाल्याचे सुचवतेच. कर्ज, अपघात, जवळच्या माणसाचा मृत्यू यांनी मन जखमी होते, हे ध्यानात येईपर्यंत उशीर झालेला असतो. अशा माणसासाठी आपण प्रार्थना अवश्य करावी. परंतु त्याला दोष न देता शेजारी बसून त्याचे ऐकावे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्यात संकोच करू नये. बरे होण्याची शक्ती त्या दुखावलेल्या मनातच असते, हे कांदोळीच्या या धर्मगुरूंनी दोनशे वर्षांपूर्वी जगाची थट्टा सोसून सांगून ठेवले आहे.