ना. म. जोशी : वर्गणीच्या पैशाचे राखणदार

मनमाड हे गाव रेल्वेने घडविले. जी.आय.पी. रेल्वेचा हमरस्ता आणि निजामाच्या मुलखात जाणारी छोट्या रुळांची वाट यांची येथे गाठ पडली. पुलांचे लोखंडी गर्डर बनविणारा कारखाना १९०६ मध्ये उभा राहिला. अशा गावात युनियन म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मात्र युनियनची वहीखाती उघडून पाहण्याचा अधिकार साध्या सभासदाला कायद्याने मिळाला, त्यामागे कोणाची खटपट होती, हे आता फारसे कोणाच्या स्मरणात नाही. मुंबईकरांना ते नाव लोअर परळच्या रस्त्यावरील पाटीमुळे ठाऊक आहे : ना. म. जोशी.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. पुण्यात शिक्षण झाले, काही वर्षे शाळामास्तरकी झाली आणि १९०९ मध्ये ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. तुटपुंज्या मानधनावर आयुष्यभर सार्वजनिक काम करण्याचे हे व्रत होते. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. गिरणगावातील रात्रशाळा, वाचनालये आणि सहकारी पतपेढ्या चालविताना कष्टकऱ्याच्या घरातील जमाखर्च त्यांनी अगदी जवळून पाहिला. संघटनेच्या पैशाबद्दलचा त्यांचा काटेकोरपणा तेथेच रुजला असावा, असे वाटते.

त्या काळी संघटनांची स्थिती काय होती? नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी डोंगराएवढे काम केले, परंतु त्यांच्या मिलहँड्स असोसिएशनकडे सभासदांची यादी, निधी वा नियमावली यांपैकी काहीही नाही, अशी नोंद सरकारी अहवालात झाली होती. संप आला की समिती उभी राही, वर्गणी गोळा होई आणि संप मिटला की समितीही विरून जाई. जमलेल्या पैशाचे काय झाले, हे विचारायचे तरी कोणाला?

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तेव्हा हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशी यांची नेमणूक केली. प्रतिनिधी सुचविण्यासाठी देशव्यापी संघटनाच अस्तित्वात नव्हती. ही उणीव पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी, मुंबईत आयटकच्या स्थापनेने भरून निघाली. त्याच सुमारास मद्रासेत बकिंगहॅम गिरणीच्या मालकांनी कामगार नेते बी. पी. वाडिया यांना न्यायालयात खेचले. कामगारांना संपासाठी उद्युक्त करणे म्हणजे त्यांना करारभंगाची चिथावणी देणे, असा मालकांचा दावा होता. न्यायालयाने मनाईहुकूम दिला आणि अखेर वाडियांनी संघटनेतून दूर व्हावे, या अटीवर प्रकरण मिटले.

जोशी तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळात सरकारनियुक्त सभासद होते. मार्च १९२१ मध्ये त्यांनी कामगार संघटनांची नोंदणी आणि त्यांना संरक्षण यांसाठी कायदा करावा, असा ठराव मांडला. कायदा व्हायला १९२६ उजाडले आणि तो अमलात आला १ जून १९२७ रोजी. त्यात देवघेव होती. नोंदणीकृत संघटनेला दिवाणी व फौजदारी कारवाईपासून काही संरक्षण मिळाले. त्याबदल्यात तिने पैसा कशावर खर्च करावा, याची मर्यादा ठरली आणि दरवर्षी तपासलेला हिशेब निबंधकाकडे पाठविण्याचे बंधन आले. राजकीय कार्यासाठी वेगळा निधी ठेवायचा आणि त्यात पैसे देण्याची सक्ती कोणावरही करायची नाही, हेही ठरले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हिशेबाच्या वह्या आणि सभासदांची यादी कोणत्याही सभासदाला पाहण्यास खुली राहिली. सरकारचा डोळा संघटनेवर राहणार, अशी भीती यात होतीच. परंतु वही सभासदासमोर उघडी असेल, तर निबंधकाला घाबरण्याचे कारण उरत नाही.

१९२६ च्या जानेवारीत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन निघाली. दोन वर्षांनी मुंबईच्या गिरण्यांत सुमारे सहा महिने संप चालला. दीड लाखांच्या आसपास कामगार घरी बसले होते. परदेशी कामगार संघटनांकडून, अगदी मॉस्कोहूनही, मदत आली. संयुक्त संप समितीत जोशी आणि कम्युनिस्ट एकत्र बसले. त्यानंतर लाट मात्र वळली ती लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनकडे. १९२८ च्या अखेरीस तिचे सभासद ५४ हजारांच्या घरात गेले आणि जोशी यांची संथ चालीची युनियन मागे पडली. हिशेब चोख ठेवला म्हणून गर्दी जमत नाही, हा कटू अनुभव त्यांच्या वाट्याला आला. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात मतभेद विकोपाला गेले. व्हिटली आयोगावर बहिष्कार घालावा, हा त्यातील एक मुद्दा आणि जोशी तर आयोगाचे सदस्यच. ते सहकाऱ्यांसह बाहेर पडले.

त्या आयोगाचा १९३१ चा अहवाल आजही वाचण्याजोगा आहे. बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोन-तृतीयांश कामगार कर्जबाजारी असल्याचे तो सांगतो. अशा खिशातून वर्गणीचे आणे निघत होते. नोंदणीकृत संघटनांचे हिशेब सरकारी खर्चाने तपासून द्यावेत, अशी शिफारसही त्यात होती.

देखरेखीचा आणखी एक प्रश्न मात्र वहीतल्या आकड्यांत सापडणारा नव्हता, आणि तो मनमाडनेच पुढे आणला. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी येथे जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली भरली. दलित कामगाराला गँगमनच्या वरची जागा मिळत नाही, पोर्टरचे कामही विटाळापायी नाकारले जाते आणि कामगार संघटना त्यावर गप्प राहतात, हे बाबासाहेबांनी स्पष्टपणे मांडले. वर्गणी सर्वांची आणि संरक्षण मात्र काहींचे, हा हिशेब कोणता तपासनीस काढणार होता? जोशी यांच्या कायद्याने सभासदाला वही पाहण्याचा हक्क दिला. बरोबरीने बसण्याचा हक्क मात्र कामगारांनीच एकमेकांना द्यायचा होता.

१९४० मध्ये जोशी पुन्हा आयटकचे सरचिटणीस झाले आणि १९४८ पर्यंत त्या पदावर राहिले. सरकारने देऊ केलेला सी.आय.ई. किताब त्यांनी नाकारला होता. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. डिलाईल रोडला त्यांचे नाव मिळाले. १९२६ चा कायदा मात्र रेल्वे, गिरण्या आणि हमालांच्या असंख्य संघटनांचा जमाखर्च सांभाळत २१ नोव्हेंबर २०२५ पर्यंत टिकला. त्या दिवशी औद्योगिक संबंध संहिता अमलात आली आणि त्याची जागा तिने घेतली.