अबोल्याला पुरून उरलेला शिपाई

नव्या नोकरीचा पहिला दिवस. कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालून तुम्ही वेळेआधी पोचलाय. पण कुणी बस म्हणत नाही. तुम्ही खोलीत आलात की गप्पा बंद. काम शिकवणं तर सोडाच, नावानं हाकसुद्धा कुणी मारत नाही. एक दिवस ठीक आहे हो, पण असं महिनोन्‌महिने चाललं तर? खरं सांगा, किती टिकाल?

सॅम्युएल जेसी बॅटल टिकले. २८ जून १९११ रोजी ते न्यूयॉर्क पोलिसांत शिपाई म्हणून दाखल झाले. ब्रुकलिन वेगळं शहर होतं तेव्हा तिथे मोजके कृष्णवर्णीय पोलिस होते. पण १८९८ मध्ये सगळे भाग मिळून आजचं न्यूयॉर्क झालं, त्यानंतर नेमणूक झालेले पहिले कृष्णवर्णीय पोलिस म्हणजे बॅटल.

सॅम्युएलचा जन्म १८८३ चा, नॉर्थ कॅरोलिनातल्या न्यू बर्न गावचा. आई-वडील दोघंही गुलामीतून सुटलेले. पोरगा तसा वांडच. एकदा मालकाच्या तिजोरीतून पैसे उचलताना सापडला. हा वर्षभरात तुरुंगात जाणार, असं मालकानं तोंडावर सांगितलं. ते त्याला जिव्हारी लागलं. पुन्हा असल्या वाटेला जायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं.

पुढे तो पोटापाण्यासाठी उत्तरेत आला आणि न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर लाल टोपीचा हमाल झाला. बहिणीचे यजमान मोझेस कॉब ब्रुकलिनमध्ये पोलिस होते. त्यांच्याकडे बघून यानंही मनावर घेतलं. दिवसभर पेट्या वाहायच्या आणि सवड मिळेल तेव्हा पुस्तक उघडायचं. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. लेखी परीक्षा तो पास झाला, पण डॉक्टरांनी हृदयात दोष आहे म्हणून नापास केलं. सव्वासहा फूट उंचीचा, दिवसभर ओझी उचलणारा हा गडी आणि म्हणे हृदय कमजोर! कृष्णवर्णीय समाजातली वजनदार माणसं मध्ये पडली, फेरतपासणी झाली आणि तेच हृदय एकदम ठणठणीत निघालं.

खरी परीक्षा पुढेच होती. वेस्ट ६८ व्या रस्त्यावरच्या ठाण्यात गोऱ्या सहकाऱ्यांनी बॅटल यांच्याशी अबोला धरला. त्यांच्या शेजारी कुणी झोपायला तयार नव्हतं, म्हणून झेंडे ठेवायच्या माळ्यावर त्यांची खाट पडली. एकदा खाटेच्या वर धमकीची चिठ्ठी टाचलेली सापडली. तिला गोळीएवढं भोक पाडलेलं होतं. शहर दाखवणाऱ्या बसगाड्या पर्यटकांना घेऊन यायच्या, का तर म्हणे काळा पोलिस बघायला! बातमीदार विचारायला आले तेव्हा बॅटल यांनी कुणाचीही तक्रार केली नाही. माळ्यावर निवांतपणा होता, तिथे ते पुढच्या परीक्षांचा अभ्यास करत राहिले.

यथावकाश त्यांची बदली हार्लेममध्ये झाली. १९१९ मध्ये तिथे संतापलेल्या जमावाच्या तावडीत एक गोरा पोलिस सापडला. बॅटल गर्दीत घुसले आणि त्याला बाहेर काढलं. सार्जंटच्या परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या ज्या वर्गानं त्यांना दारातून परत पाठवलं होतं, त्याच वर्गातल्या गोऱ्या पोलिसांनी आता मतदान करून त्यांना आत घेतलं. १९२६ मध्ये ते सार्जंट झाले, १९३५ मध्ये लेफ्टनंट. दोन्ही पदांवर पोचलेले ते शहरातले पहिले कृष्णवर्णीय.

पण आता थांबा आणि दुसरी बाजू बघा. ठाण्यात त्यांचा रंग आड येत होता, तर रस्त्यावर त्यांची वर्दी. मार्च १९३५ मध्ये हार्लेममधल्या एका दुकानात लिनो रिवेरा हा १६ वर्षांचा मुलगा छोटा चाकू चोरताना पकडला गेला. त्याला सोडूनही दिलं होतं, पण पोलिसांनी पोराला मारून टाकलं अशी अफवा उठली आणि दंगल पेटली. मुलाला शोधून आणलं गेलं आणि बॅटल यांच्या शेजारी उभं करून फोटो काढण्यात आला. मुलगा जिवंत आहे, हे लोकांना पटावं म्हणून!

एवढी साधी अफवा हजारो लोकांना खरी का वाटली? महापौर ला गार्डिया यांनी नेमलेल्या समितीनं उत्तर शोधलं. बेकारी, भेदभाव आणि पोलिसांची मारझोड यांना लोक कंटाळले होते. हा अहवाल महापौरांनी दाबून ठेवला. शेवटी हार्लेमच्याच ‘ॲमस्टरडॅम न्यूज’नं तो छापला. १९४३ मध्ये एका गोऱ्या पोलिसानं कृष्णवर्णीय सैनिकावर गोळी झाडली. सैनिक जखमीच झाला होता, पण तो मेला अशी बातमी पसरली आणि हार्लेम पुन्हा पेटलं. बॅटल तेव्हा पॅरोल कमिशनर होते, १९४१ पासून. लोकांना शांत करायला ला गार्डिया यांनी पुन्हा त्यांनाच साद घातली.

म्हणजे बघा, एका माणसावर लोकांचा विश्वास बसला म्हणून आख्ख्या खात्यावर बसतोच असं नाही. बॅटल यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात अवघड गोष्ट. एकट्यानं कितीही भलं वागलं तरी बाकीच्यांच्या वागण्याची भरपाई होत नाही.

मग त्यांनी मिळवलं काय? त्यांनी दार उघडं ठेवलं. स्टेशनवरच्या त्यांच्या जुन्या मुकादमाचा मुलगा वेस्ली विल्यम्स १९१९ मध्ये अग्निशमन दलात लागला. त्याच्याही वाट्याला अबोला आला, तेव्हा टिकायचं कसं हे सांगायला बॅटल होते.

१९५१ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९६६ मध्ये वारले. कवी लँग्स्टन ह्यूज यांनी त्यांचं चरित्र लिहिलं होतं, पण ते त्यांच्या हयातीत छापून आलं नाही. आज हार्लेममध्ये १३५ व्या रस्त्याच्या आणि लेनॉक्स ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर त्यांच्या नावाची पाटी आहे. ज्याला नावानं हाक मारायला सहकारी तयार नव्हते, त्याचं नाव आता पत्ता विचारताना घेतलं जातं.