प्रश्न विचारू देणारा प्राध्यापक

महर्षी अण्णासाहेब कर्व्यांचे नाव आपल्याकडे घराघरांत आदराने घेतले जाते. त्यांच्या थोरल्या मुलाचे नाव मात्र माझ्या लहानपणी मोठी माणसे आवाज खाली करून घेत. रघुनाथ धोंडो कर्वे हे ते नाव.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातल्या मुरुडला झाला. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. पुढे १८९३ मध्ये अण्णासाहेबांनी एका विधवेशी विवाह केला आणि त्या धाडसाचा इतिहास झाला. राधाबाईंचे जाणे त्या इतिहासात एका ओळीत आटोपते. त्या मुलाने जन्मभर जे केले त्याचे मूळ त्या ओळीत आहे, असे छातीठोकपणे सांगणे हा कादंबरीकाराचा मोह झाला. तो मी आवरतो. पण बाळंतपणात बाई दगावणे ही त्या काळी बातमीसुद्धा नव्हती, आणि बाईच्या देहाची ही हेळसांड दैवाच्या खात्यावर टाकणे रघुनाथरावांना कधी मान्य झाले नाही, एवढे खरे.

मुलगा हुशार. १८९९ मध्ये मॅट्रिकला पहिला आला, फर्ग्युसनमधून पदवीधर झाला, मग गणिताचा प्राध्यापक. गणिताच्याच अभ्यासासाठी पॅरिसलाही जाऊन आला. अशा माणसाने निवांत नोकरी करून पेन्शन घ्यावी की नाही? त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचे केंद्र उघडले तेही त्याच वर्षी. पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या. दोघांनी विचारपूर्वक स्वतःला मूल होऊ दिले नाही. १९२३ मध्ये या विषयावर पुस्तक आले आणि १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. मिशनऱ्यांच्या कॉलेजाला असला प्राध्यापक परवडणारा नव्हता.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. मी आयुष्यभर बँकेत लोकांचे ताळेबंद तपासले. हा उद्योग घेऊन कोणी माझ्यासमोर कर्ज मागायला बसला असता, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवले असते. जाहिराती बेताच्या, वर्गणीदार लाजरे, वर खटल्यांचा खर्च. तरी पदरमोड करून या माणसाने ते सव्वीस वर्षे चालवले.

त्या मासिकात मला सर्वांत मोलाचे वाटते ते वाचकांच्या प्रश्नोत्तरांचे सदर. जे नवऱ्याला, आईला, डॉक्टरलाही विचारता येत नव्हते, ते लोक तिथे विचारत आणि संपादक गणिताच्या मास्तरासारखे सरळ उत्तर देत. प्रश्न विचारणाऱ्याची कीव नाही आणि त्याला उपदेशही नाही. गांधीजींचा संयमाचा मार्ग त्यांना पटला नाही. तेही त्यांनी तितक्याच सरळपणे सांगितले. अश्लीलतेच्या आरोपावरून १९३१ मध्ये त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ च्या खटल्याचे निमित्त तर ही उत्तरेच होती. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला, आणि पुढचा अंक निघाला.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव गेले. नोव्हेंबरच्या अंकाबरोबर मासिकही संपले. वडील मागे राहिले होते. त्यांची शंभरी १९५८ मध्ये देशाने भारतरत्न देऊन साजरी केली.

गर्भनिरोधाची गोळी काही रघुनाथरावांना पाहायला मिळाली नाही. अमेरिकेत तिला परवानगी मिळाली १९६० मध्ये. बाईने स्वतःच्या हाताने घ्यावी आणि कोणाची मिनतवारी करू नये, असे साधन! त्यांना आनंद झाला असता. पण मास्तरांनी लगेच पुढचा प्रश्नही विचारला असता, की ही प्रत्येक बाईला सारखीच मानवते का?

तो प्रश्न १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या एका साध्या गावडॉक्टरला पडला. त्याच्याकडची एक नर्स ही गोळी घेत होती आणि तिच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली. त्याने वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिले, मग इतरांनी नोंदी काढल्या. गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत रक्त गोठवणारी द्रव्ये जास्त तयार करते, आणि गोठणे रोखणारी काही द्रव्ये कमी पडतात. म्हणून पुढे गोळीतले इस्ट्रोजेन बरेच कमी केले गेले. धोका घटला, संपला नाही. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या दहा हजार बायकांमध्ये वर्षाला १ ते ५ जणींना अशी गुठळी होते, गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना. गरोदरपणात हाच आकडा ५ ते २० होतो, बाळंतपणानंतरच्या बारा आठवड्यांत त्याहून कितीतरी जास्त. तेव्हा घाबरून गोळी टाकून देणे आणि नको असलेले गरोदरपण ओढवून घेणे, यात शहाणपण नाही.

पण ही झाली सरासरी, आणि सरासरीत एकटी बाई सापडत नाही. काही घराण्यांत रक्त लवकर गोठण्याची प्रवृत्ती जन्मजात असते. कोणात प्रोटीन सी किंवा प्रोटीन एस कमी, कोणात अँटिथ्रॉम्बिन कमी. हॉलंडमधल्या लायडेन शहरात १९९४ मध्ये असाच एक जनुकीय दोष उलगडला. त्याला फॅक्टर फाइव्ह लायडेन म्हणतात. युरोपात तो पुष्कळ आढळतो, आपल्याकडे कमी. त्याच वर्षीच्या अभ्यासात दिसले की हा दोष असलेल्या बाईने गोळी घेतली, तर दोन्ही नसलेल्या बाईच्या मानाने गुठळीचा धोका तीसहून अधिक पट होतो. बाई दिसायला ठणठणीत असते. खूण असते ती नात्यात: आईला बाळंतपणानंतर पाय सुजून गुठळी झालेली, मामा चाळिशीच्या आत फुप्फुसातल्या गुठळीने गेलेला.

मी राहतो त्या मिरा रोडच्या पूनम सागरमध्ये गौरी-गणपतीच्या आधी औषधाच्या दुकानात पाळी पुढे ढकलण्याची गोळी हमखास मागितली जाते. मागणारी आवाज खाली करते आणि गोळी कागदात गुंडाळून मिळते. कोणी काही विचारत नाही. आमच्या बँकेत साध्या कर्जालाही जामीनदाराच्या बापाचे नाव लिहून घेत! या गोळीतल्या नॉरएथिस्टेरॉनचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्येच बदलतो, आणि ज्यांना गुठळीचा धोका आहे त्यांच्यासाठी ती नाही. हे त्या कुजबुजीत कोण कोणाला सांगणार?

सरसकट सगळ्यांची रक्ततपासणी करावी असे डॉक्टर म्हणत नाहीत. ते विचारतात की घरात कोणाला, किती वयात, गुठळी झाली होती का. तुमच्या डॉक्टरीणबाईंनी विचारले नाही तर आपण होऊन सांगावे. असा दोष निघालाच तर इस्ट्रोजेनची गोळी वर्ज्य. पण तांबी बसवता येते, इतरही मार्ग आहेत. गोळी चालू असताना एकच पोटरी सुजून दुखू लागली किंवा एकाएकी धाप लागून छातीत कळ आली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावे, अंगदुखी म्हणून मलम चोळत बसू नये. घराण्यात अशी शंका असेल तर परळला के. ई. एम. हॉस्पिटलच्या आवारात रक्तदोषांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर न्यावी, आणि नातेवाइकांपैकी कोणाला केव्हा काय झाले, ते आधीच एका कागदावर लिहून ठेवावे.